खालचा कप्पा

पडदे चार बोटं लांब होत होते, एवढंच निमित्त झालं. जुन्या घराच्या खिडक्यांना बेतलेले पडदे नव्या घरात जमिनीवर लोळायला लागले, आणि आठ महिन्यांची टिल्ली त्यांची टोकं चघळायला लागली. तेव्हा एका सकाळी पोर कडेवर आणि पडद्यांचं गाठोडं काखेत, अशी कसरत करत टिल्लीची आई एक जिना उतरून शिवणकाकूंकडे गेली.

बाई चांगली शिकलेली. शाळेत विज्ञान शिकवणारी, सध्या रजेवर. पण पोर दोनदा शिंकलं की पुस्तकात शिंकेचं प्रकरण शोधणारी. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, आणि त्या बोटाने ती जागी झाली की कपाळावर हात मारून घ्यायचा, असा तिचा दिनक्रम. आपण घाबरट आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे खरोखर घाबरण्यासारखं काही घडायला लागलं, तेव्हा तिने सगळ्यात शेवटी विश्वास ठेवला तो स्वतःवर.

शिवणकाकूंचं दुकान म्हणजे त्यांची बाहेरचीच खोली, बरोबर हिच्या घराखाली. तोंडात टाचण्या धरून त्या बोलत, त्यामुळे प्रत्येक शब्द दातांतून गाळून यायचा.

"वरचे ना तुम्ही? आवाज येतो तुमचा."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी हो काकू. माझा नवरा छापखान्यात आहे. दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात ओरडून बोलायची सवय. घरी आला तरी बटण काही बंद होत नाही."

"आणि तुमचं बटण?"

"मी... मी शेवटच्या बाकापर्यंत पोचवते."

काकूंनी टाचण्या काढून हातावर घेतल्या. पहिल्यांदाच त्यांचे ओठ पूर्ण दिसले. "येऊ दे की. आवाज येतोय तोवर बरं वाटतं मला," त्या म्हणाल्या, आणि टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या. याचा अर्थ काय हे ती विचारणार होती, पण तेवढ्यात टिल्लीने खडूच्या डबीत हात घातला.

तर नवऱ्याचं नाव तिने भोंगा ठेवलं होतं, आणि तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा. दोघांचा संसार म्हणजे सकाळी उठल्यापासूनचा कलकलाट. पलंगावरचा ओला टॉवेल, उघडी राहिलेली बरणी, कुठल्याशा कपाटात गडप झालेला स्क्रूड्रायव्हर. भांडण कधी सुरू झालं आणि त्याचं हसू कधी झालं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. टिल्लीला तर त्या गदारोळाशिवाय झोपच यायची नाही.

घर तसं छान होतं. उजेड भरपूर. आतल्या खोलीत भिंतीत बसवलेलं एक लाकडी कपाट, आधीच्या भाडेकरूंच्या काळातलं. त्याचा सगळ्यात खालचा कप्पा तिने रिकामाच ठेवला होता. तीन वेळा साबणाच्या पाण्याने पुसूनही त्यातून डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि गोळी मात्र एकही सापडत नव्हती.

रविवारी दुपारी घर बघायला भोंग्याची मोठी बहीण आणि तिचे यजमान आले. ताई आणि भावोजी. भावोजींचं चष्म्याचं दुकान. डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं दिसतं, की हे?" असं दिवसभर विचारायचं काम, आणि आवाज असा मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. माणूस इतका सभ्य, की त्यांच्यासमोर आपण बाजारात उभे राहून बोलतोय असं हिला वाटायचं.

भोंगा स्टुलावर चढून पडद्याचा दांडा ठोकत होता.

"डावीकडे खाली गेलाय!" ती खालून ओरडली.

"गेला नाहीये! तुझी मान वाकडी आहे!"

"तुझ्याशी लग्न केल्यापासून झालीय ती!"

"मग आधी कुठे बघत होतीस, सरळ?"

ताई हसली. खूप दिवसांनी हसल्यासारखी, जरा मोठ्याने. त्या हसण्यात तिचा हात हलला आणि चहा भावोजींच्या बाहीवर सांडला. ते रागावले नाहीत. त्यांनी रुमाल काढला, बाही टिपली, आणि ताईकडे न बघता अगदी हळू विचारलं, "हात हलला, की लक्ष नव्हतं?"

"लक्ष नव्हतं," ताई ताबडतोब म्हणाली.

झालं, विषय संपला. टिल्लीच्या आईला हेवा वाटला. आपल्याकडे असा चहा सांडला असता तर त्याचं महाभारत संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. किती समजूतदार माणसं ही!

तेव्हाच आतल्या खोलीत पावलं वाजली. अनवाणी, घाईची. फरशीवर चट् चट् चट्. चार-पाचच, आणि मग कपाटाच्या बिजागरीचा बारीकसा आवाज.

तिने समोर बघितलं. भोंगा स्टुलावर होता. ताई, भावोजी खुर्चीत.

ती आत धावली. पलंगावर दोन उशांच्या मध्ये टिल्लीला निजवलं होतं. उशा होत्या. मधला खळगा होता. टिल्ली नव्हती.

पुढची पाच मिनिटं तिला नीट आठवत नाहीत. पलंगाखाली, दाराआड, न्हाणीघरात, अगदी कपड्यांच्या टोपलीत. भोंगा "टिल्ले! टिल्ले!" करत घरभर फिरत होता, जणू ती ओ देणार होती. ताई मात्र कुठे शोधत बसली नाही. ती सरळ कपाटापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि खालचं दार उघडलं.

टिल्ली आत होती. पाय दुमडून, शालीत गुंडाळलेली, गाढ झोपलेली. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. आणि दाराच्या फटीत एक रुमाल चौघडी करून खुपसलेला होता, दार पूर्ण लागू नये म्हणून. आत हवा जात राहावी म्हणून. ज्याने कोणी तिला आत ठेवलं, त्याला तिच्या श्वासाची काळजी होती.

सगळ्यांनी टिल्लीच्या आईकडे बघितलं.

"तू ठेवलंस का गं?" भोंग्याने विचारलं. आरोप नव्हता त्यात, नुसता घाबरलेला प्रश्न.

आता, त्याच आठवड्यात तिचा मोबाइल फ्रिजमध्ये सापडला होता, लोण्याच्या डब्याशेजारी. त्याआधी टिल्लीला तिने उलटं झबलं घालून डॉक्टरकडे नेलं होतं. "असेल," ती म्हणाली. "मीच ठेवलं असेल."

निघताना भावोजी दारात थांबले. "राग मानू नका. घरात सारखा आवाज चढतो, त्याचा ताण येतो आईवर. आमच्याकडे बघा. बारा वर्षांत एकदा तरी आवाज चढला का गं आपल्या घरात?"

"नाही," ताई म्हणाली. आणि टिल्लीच्या गालावरून हात फिरवताना तिने भावजयीकडे असं काही बघितलं, की ते नजरेला नजर देणं होतं की नजर चुकवणं, हे हिला कळलं नाही.

त्या संध्याकाळपासून घरात नियम झाला. हळू बोलायचं. शिकल्यासवरल्यासारखं.

भोंग्याचे पहिले दोन दिवस बघण्यासारखे होते. "मास्तरीणबाई... मीठ... जरासं... कमी," असं तो गुप्तहेरासारखं इकडेतिकडे बघून पुटपुटायचा. ती तोंडावर हात दाबून हसायची. पण तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की हसायला काही उरलं नाही. हळू आवाजात टोमणा मारता येत नाही. मारला तर तो टोमणा राहत नाही, त्याचा डंख होतो. मग टोमणे बंद झाले. मग लांब वाक्यं बंद झाली. टिल्ली झोपेनाशी झाली.

आणि पावलं वाढली.

बुधवारी भोंगा स्वयंपाकघरात हळूच काहीतरी विचारत होता, तेव्हा एकदा. गुरुवारी दोनदा. प्रत्येक वेळी चट् चट् चट्, बिजागरी, आणि टिल्ली खालच्या कप्प्यात, फटीत रुमाल. रुमाल या घरातला नव्हता. छोटा, धुऊन मऊ पडलेला, कडेने हातानं बारीक तुरपाई केलेला. तिने तो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला, तर पुढच्या वेळी पुन्हा फटीत. तिने वही काढली. विज्ञानाची बाई ना! वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं. कपाटाला खुर्ची टेकवून ठेवली, तर खुर्ची पावलाच्या अंतरावर नीट उचलून ठेवलेली मिळाली, ओरखडाही न पडता. वहीत तिने लिहिलं, 'बहुधा मीच.' आणि 'बहुधा'खाली दोन रेघा ओढल्या.

शुक्रवारी दुपारी तिने ठरवलं, पोरीला मांडीवरून उतरवायचंच नाही. भोंगा सकाळपाळी करून आला होता. समोर बसून तो हलक्या आवाजात म्हणाला, "दूध संपलंय, की आणायचं विसरलीस?"

"विसरले," ती म्हणाली.

दूध फ्रिजमध्ये होतं. तासाभरापूर्वी तिनेच आणून ठेवलं होतं. तरी उत्तर तिच्या तोंडून असं निघालं, जणू आधीपासून तिथे तयार ठेवलेलं होतं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. भोंग्याने आयुष्यात कधी असा प्रश्न विचारला नव्हता. 'दूध कुठे उलथलंय?' हा त्याचा प्रश्न.

तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला, अगदी जवळून. मांडीवरच्या टिल्लीने समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून दोन्ही हात वर केले, 'उचल' म्हणते तेव्हा करते तसे. तिच्या काखेतलं झबलं किंचित वर ओढलं गेलं. दोन्हीकडून, हळुवार. आणि मांडीवरचं वजन हलकं व्हायला लागलं...

तिने पोरीला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं. टिल्ली रडायला लागली, तेव्हा कुठे वास ओसरला.

"काय झालं?" भोंग्याने विचारलं. त्याने काहीच बघितलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं होतं, की बायकोने पोरीला उगाच करकचून आवळलं. तो तसाच हळू म्हणाला, "टिल्लीला थोडे दिवस आईकडे ठेवू या का? तू बरी होईपर्यंत."

तिने नाही म्हटलं नाही. रडलीही नाही. तिलाही वाटत होतं, की आपल्यापाशी पोर सुरक्षित नाही.

दुसऱ्या दिवशी ती पडदे आणायला खाली गेली. टिल्ली भोंग्यापाशी होती. तो सुट्टी टाकून घरीच राहिला होता.

"वर सामसूम का?" काकूंनी विचारलं. "आठवडा झाला, चकार शब्द नाही. रुसवाफुगवा?"

"नाही हो काकू. आता आम्ही हळू बोलतो."

मशीनचं चाक थांबलं. काकूंनी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, आणि मग बोलल्या.

"तुमच्या आधी एक जोडपं होतं तिथे. सहा वर्षं. त्याचा आवाज कधी ऐकला नाही कोणी. आम्ही सगळ्या म्हणायचो, नवरा असावा तर असा. मला खालून एवढंच ऐकू यायचं, की तो काहीतरी पुटपुटतोय, आणि लगेच तिची पावलं. पलंगाकडून कपाटाकडे. मला वाटायचं, कपडे आवरतेय बिचारी, किती टापटिपीची..."

"कपाटाकडे?"

"तिला लहान मुलगी होती. त्याचा आवाज खाली गेला, की मुलीला आधी आत ठेवायची. मग त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची." काकू सुईत दोरा ओवायला लागल्या, पण सुईचं नेढं सापडत नव्हतं. "एक दिवस ती पडली आणि गेली, म्हणाले. त्याला पोलीस घेऊन गेले. मुलगी कुणाला मिळेना. शेवटी मीच काढली तिला, खालच्या कप्प्यातून. दाराच्या फटीत रुमाल होता, म्हणून जगली. त्या रुमालाची तुरपाई मी शिकवली होती हो तिच्या आईला. याच खोलीत. हाताखाली बसायची माझ्या, आणि मी एकदाही विचारलं नाही."

तिने पडदे घेतले की नाही, आठवत नाही. जिना ती धावत चढली.

भोंगा दारातच उभा होता. "मी आईशी बोललो," तो अगदी मऊ, समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती संध्याकाळी येतेय."

"टिल्ली कुठे आहे?"

"आत. झोपलीय."

पलंग रिकामा होता. ती कपाटाशी बसली, दार उघडलं. कप्पा रिकामा होता. शाल नव्हती, रुमाल नव्हता. नुसता काळोख आणि तो वास.

"हळू... घाबरू नकोस," भोंगा तिच्या मागे कुजबुजला. "हळूहळू शोधू आपण..."

त्याच्या प्रत्येक शब्दागणिक पावलं वाजत होती. चट् चट् चट्. या खोलीतून त्या खोलीत, भिंतीकडेने, आणि मग भिंतीच्या आतून. दूर दूर जाणारी. कोणीतरी लेकरू कडेवर घेऊन आणखी आत, आणखी सुरक्षित जागा शोधत होतं. जिथून कोणालाच ते परत काढता येणार नाही.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने उभी राहून, शेवटच्या बाकाच्याही पलीकडे पोचेल अशा आवाजात आरोळी ठोकली, "ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकलाय?"

भोंगा दचकला. "अगं, हळू—"

"हळू नाही! ओरड! ओरड माझ्यावर, भोंग्या!"

"पण कशाबद्दल?"

"कशाबद्दलही! लग्नाला पाच वर्षं झाली, विषय सुचत नाही तुला?"

तो क्षणभर बावचळला. मग त्याची छाती भरली. "माझा स्क्रूड्रायव्हर!" तो गरजला. "कुठे पुरून ठेवलायस तो?"

"जिथे तू ठेवलास तिथेच! डोळे दिलेत ना देवाने!"

"देवाने डोळे दिलेत, तू कपाटं दिलीस! अकरा कपाटं! माणसाने एका स्क्रूड्रायव्हरसाठी किती दारं उघडायची?"

"आणि तुझ्या आईला कोणी बोलावलं?"

"मी! मी गाढव आहे म्हणून!"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"लग्नाआधी विचारायचं होतंस!"

ती रडत होती आणि ओरडत होती, आणि मधेच हसायला लागली, आणि तोही हसायला लागला, आणि त्या सगळ्या कल्लोळात पावलं थांबली. कोणीतरी उभं राहून ऐकत असावं, तशी शांतता. मग बिजागरी वाजली.

आत्ताच रिकाम्या बघितलेल्या कप्प्यात टिल्ली बसली होती, आणि रुमालाचं टोक चघळत खिदळत होती.

खालून शिवणयंत्राची घरघर सुरू झाली.

तिने भोंग्याला सगळं सांगितलं. पोर छातीशी धरून, मोठमोठ्याने, एकही शब्द न गिळता. त्याने आधी आईला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग तो जमिनीवर बसून विचार करत राहिला.

"पण पहिल्या दिवशी?" तो म्हणाला. "रविवारी तर आपण कोकलत होतो. दांड्यावरून."

"हो."

"मग हळू कोण बोललं होतं?"

दोघांनाही उत्तर एकदमच आलं. मग भोंगा जड जिभेने म्हणाला, "ताई सरळ कपाटापाशी गेली होती. आपण सगळे सैरावैरा, आणि ती सरळ..."

बारा वर्षं. ताईच्या प्रत्येक फोनवरचं ते 'मजेत'. भावोजींनी दोन गोष्टींतली एक निवडायला सांगायचं, आणि ताईने न चुकता दुसरी उचलायची. लक्ष नव्हतं. विसरले. माझंच चुकलं. ज्याला ती समजूतदारपणा समजली होती, त्याचा आता तिला नुसत्या आठवणीने काटा आला.

भोंग्याने फोन लावला. पलीकडे ताई 'मजेत' म्हणाली. मागून मऊ आवाज आला, "कामाचा फोन आहे, की असाच?"

"असाच," ताई म्हणाली.

"ताई!" भोंगा एवढ्याने ओरडला की मोबाइल थरथरला. "पडदे लावायला ये! ही मास्तरीण मला जगू देत नाही! मी न्यायला येतोय, अर्ध्या तासात! चार दिवसांचे कपडे घे!"

ताई आली. छोटी पिशवी, त्यात चार दिवसांचेच कपडे. कोणी काही विचारलं नाही. काकूंनी वर येऊन चहा घेतला, आणि न विचारण्याचं आपलं जुनं ओझं तिथेच उतरवलं. त्यांनी ताईला विचारलं. सरळ, टाचण्या हातात धरून. ताईने बाही वर केली. भोंगा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही. चार दिवसांचे आठ झाले. घरात टॉवेल, बरण्या आणि स्क्रूड्रायव्हर यांवरून रण पेटलेलं असायचं. पावलं वाजत नव्हती. कप्प्यातला वासही विरला होता. एकदा तर ताई भावावर ओरडली. मग आपणच दचकून तोंडावर हात ठेवला, आणि कोणालाच काही झालं नाही हे बघून पुन्हा एकदा ओरडली.

नवव्या दिवशी दुपारी भावोजी आले. हातात फळांची पिशवी. दाराबाहेर बूट काढून ते आत आले, खुर्चीत बसले. समोरच्या खुर्चीत ताई टिल्लीच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"आता बास झालं, ना?" ते हळू म्हणाले. "तू आपणहून येतेस, की मी समजावून सांगू?"

त्या मऊ आवाजाने खोलीतली हवाच थिजली. डांबरगोळ्यांचा वास एकदम भपकन आला. टिल्लीच्या आईने कडेवरच्या पोरीला घट्ट धरलं, पण या वेळी पावलं तिच्याकडे आली नाहीत. चट् चट् चट्, ती ताईच्या खुर्चीपाशी आली. आणि परत जाताना ती दोघींची होती.

खुर्ची रिकामी होती. अर्धवट घडी घातलेलं दुपटं जमिनीवर पडलं होतं.

"आत गेली, वाटतं," भावोजी शांतपणे म्हणाले आणि उठले. त्यांनी काही बघितलंच नसावं. असली माणसं समोरच्या खुर्चीकडे कुठे बघतात? "मी घेऊन येतो."

ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. जन्माची घाबरट बाई. "तुम्ही आत जाणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या घरातून बाहेर जाणार आहात!"

"आवाज चढवायची गरज आहे, की सवय?"

"गरज!" ती ओरडली. भिंती दुमदुमल्या. टिल्लीसुद्धा तिच्या सुरात सूर मिसळून किंचाळली. "गरज आहे! आणि आता अख्खी इमारत ऐकेल तुमचं, मी एकेक सांगते!"

"चला भावोजी," भोंगा त्यांच्यामागे येऊन उभा राहिला. "की पोलिसांशी तुम्हीच हळू बोलताय?"

खाली काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला, मग समोरचं, मग वरचं. भावोजींनी फळांची पिशवी टेबलावर नीट ठेवली, बूट घातले आणि त्या सगळ्या उघड्या दारांसमोरून जिना उतरून गेले. काकू त्यांच्या मागोमाग शेवटच्या पायरीपर्यंत गेल्या, तोंडाने एकेक गोष्ट मोजून सांगत.

मग दोघं कपाटाशी बसली. फटीत रुमाल होता. भोंग्याने दार उघडलं.

त्या कप्प्यात टिल्ली पाय दुमडून कशीबशी मावायची. ताई त्यात पूर्ण होती. मुडपलेली नव्हती, दबलेली नव्हती. कुशीवर, पाय लांब सोडून झोपली होती, शाल हनुवटीपर्यंत ओढलेली. हे कसं, ते विज्ञानाच्या बाईला आजवर सांगता आलेलं नाही. फळी तीच होती. भिंतही तीच होती. ताईचे पाय कुठे संपत होते, ते बघायला ती वाकली, आणि तिथला काळोख इतका खोल होता की तिने मान वळवली.

"ताई," भोंग्याने आपल्या आयुष्यातली सगळ्यात हळू हाक मारली, आणि चटकन जीभ चावून मोठ्याने मारली. "ताई! ये बाहेर. गेला तो."

ताईचे डोळे मिटलेलेच होते. बारा वर्षांची झोप चेहऱ्यावर साचली होती. भोंग्याने तिला उचलायला खांद्याखाली हात सरकवला, तशी ती झोपेतच कुरकुरली.

"जपून रे... तिचा हात आहे माझ्या डोक्याखाली."